तिसऱ्यांदा लावलेला कौल

कातळवाडी, ता. लांजा
१४ फेब्रुवारी २०२६

जनी बाय,

तुझ्या आयेचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर उंबऱ्यावर राहू दे. आशीर्वाद काही नासत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? नितेश म्हणत होता, जिना चढताना तुला मधल्या मजल्यावर थांबावं लागतं. निगडीचा पाला गरम करून बांधत जा. डोंबिवलीत निगडी मिळत नसेल तर इकडून धाडते, कुंपणाला ढीगभर आहे. अनिलरावांची साखर कशी आहे? त्यांना म्हणावं, आंब्याचे दिवस जवळ आलेत, जिभेला वेसण घाला. अजिंक्य तिकडे कॅनडात बर्फात राहतो म्हणे. लहानपणी त्याची छाती भरायची असं ऐकून आहे. ऐकूनच आहे, बघितलेलं नाही. त्याला माझं नाव ठाऊक आहे काय, ते मी विचारत नाही.

इकडे तुझा भाऊ बरा आहे. दीपालीची कंबर धरते अधूनमधून, पण सून कामाला वाघीण आहे. त्यांची सानवी सात वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडलेत, ‘सानवी’ म्हणायला गेली की नुसता वारा सुटतो. मी बरी आहे. एकाहत्तराव्या वर्षी माणूस जेवढं बरं असायचं तेवढी.

तू म्हणशील, फोन सोडून म्हातारीला पत्राचं काय सुचलं? अगो, फोन नितेशचा. रेंज मिळते ती वर सड्याच्या माळावर, तिथे संध्याकाळी अर्धी वाडी कानाला फोन लावून उभी असते. माझं बोलणं तुझ्या कानात पडायच्या आधी चार घरच्या चुलींपर्यंत जायचं. आणि काही गोष्टी तोंडाने निघत नाहीत, हाताने निघतात.

झालं असं. गेल्या रविवारी शाळेत सिनेमा दाखवला. शाळेत नवीन ओमकार गुरुजी आलेत. पोरगेलेसे आहेत, पण उत्साह दांडगा. लांज्याहून यंत्र आणलं, भिंतीला चादर लावली, भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं ठोकून वर्गात अंधार केला. पोरांबरोबर आम्ही म्हातारीकोतारीही जाऊन बसलो. लढाईचा सिनेमा होता, कुठल्यातरी थंड देशातला. बोलणं हिंदीतून होतं. गुरुजी मधेमधे यंत्र थांबवून मराठीत समजावत होते.

सानवीएवढी एक पोर. गावावर विमानं यायला लागतात तसे लोक गाव सोडून नदीकडे पळतात. नदीवर एकच पूल. त्या पोरीच्या आईच्या कडेला तान्हं, पाठीशी आजारी सासरा. ती पोरीचा हात शेजारणीच्या हातात देते आणि म्हणते, ‘तू पुढे हो, मी आलेच.’ पोर पलीकडे पोचते आणि पूल पडतो.

तेवढ्यात आपला शेजारचा आप्पा ओरडला, “पुलावरनं कशाला धाडलान पोरीला? होडी नाय काय त्यांच्यात?” पोरं खो खो हसली. आप्पा आता पंच्याऐंशीचा झालाय, पण आगाऊपणा पंचविशीचाच.

पुढे त्या पोरीच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधतात. मग ती दुसऱ्या कोणाच्या घरी वाढते, दुसऱ्यांची भाषा बोलायला लागते. बारा वर्षांनी आई हुडकत हुडकत येते. दोघी समोरासमोर बसतात, पण एकीचं दुसरीला कळत नाही. मधे एक बाई बसवलेली, इकडचं तिकडे सांगायला. आई एवढी बोलते, एवढी बोलते. पोर सगळं ऐकून त्या मधल्या बाईला विचारते, “ह्या कोण?”

सगळे वर्गात नाक पुसत होते. मी उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, म्हातारीला घाईची लागली असेल. मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले ती सिनेमा सुटेपर्यंत.

घरी येताना सानवी माझ्या पदराला धरून चालत होती. म्हणाली, “आजी, लढाई संपल्यावर पूल परत बांधला असेल ना? मग ती आई लगेच का नाय गेली?”

मी म्हटलं, “दमली असेल.”

“बारा वर्षं?”



आता मुद्द्याचं. नितेश तुला दोन दिवसांत फोन करेल. इथली शाळा आता सात पोरांवर आली आहे, पुढच्या वर्षी राहील की जाईल सांगता येत नाही. सानवीला जूनपासून तुझ्याकडे शिकायला ठेवायचं त्याच्या मनात आहे. तू शाळेत बाई, घर मोठं, अजिंक्यची खोली रिकामी. त्याला वाटतं, पोरीचं सोनं होईल. दीपाली भाकरी थापते आणि पाठमोरी राहते.

जनी, तू हो म्हणू नकोस. कारण विचारू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझी
आये


कातळवाडी
२४ फेब्रुवारी २०२६

जनी बाय,

शुक्रवारी नितेश सड्यावरून धावत आला, अंगणातूनच ओरडत. “आये, ताय हो म्हणालीन! आनंदाने धाड म्हणालीन!”

मी मनाला समजावलं, आपलं पत्र अजून पोचलं नसेल. मग तोच म्हणाला, “ताय विचारत व्हती, आये कधीपासून पत्रं लिवायला लागली?” म्हणजे पोचलं. पोचलं, वाचलंस, आणि तरी हो म्हणालीस. कारण विचारू नकोस म्हटलं की माणूस ऐकत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी तरी कधी कोणाचं ऐकलं?

तू विचारलंस म्हणून आधी तेच सांगते. मी लिहायला-वाचायला शिकले ती तुझ्यापायी.

तू मुंबईला गेलीस त्याच्या पुढल्या साली तुझं पहिलं कार्ड आलं. मला अक्षर कसलं, उभी-आडवी रेघ कळत नव्हती. वाडीत वाचणारा आप्पा. त्याने अंगणात बसून, चार माणसं जमवून, कीर्तनकारासारखं हात करून कार्ड वाचलं. ‘मी येथे सुखरूप आहे, तिकडे सर्व कसे आहेत’ इथपर्यंत ठीक होतं. शेवटी म्हणाला, “आणि खाली लिवलान, ‘मला कधी नेणार?’ बघा, मुंबईत जाऊन पोरीला घरचा फणस आठवतोय!” सगळी हसली. मीही हसले गो. चारचौघांत काय करणार?

त्या दिवशी ते कार्ड मी तांदळाच्या मडक्यात ठेवलं आणि ठरवलं, पुढचं आप्पाच्या हातात जाऊ द्यायचं नाही. जावेच्या पोराची अंकलिपी घेतली. चुलीपुढे बसून राखेत बोटाने ‘ज’ काढायची, ‘न’ काढायची. तुझं नाव आधी आलं, माझं मागाहून. पण मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे वाळलेला बांबू, वाकत नाही. नीट वाचता यायला दोन पावसाळे गेले. तोवर तुझी कार्डं थांबली होती. सगळी मिळून नऊ. ती मी मागाहून एकटीने, ओळीने वाचली. आठांच्या खाली ‘मला कधी नेणार’ होतं. नवव्यात नव्हतं. नवव्यात ‘माझा दुसरा नंबर आला’ एवढंच.

आता तुला कारण सांगते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. हे शेहेचाळीस वर्षं झाकलंय.

तुला लहानपणापासून सांगितलंय की देवीने तुला उजवा कौल दिला म्हणून तुला आतेकडे दिली. तुझ्या मुंबईच्या आईनेही तेच सांगितलं असणार. वाडीत सगळे तेच म्हणतात.

तू सहा वर्षांची होतीस, कौल कसा लावतात ते तुला आठवत नसेल. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या भिजलेल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार. एका पाकळीवर आपल्याकडे लग्नं मोडलीत आणि विहिरी खणल्यात.

त्या शिमग्यात वन्सं मुंबईहून आल्या होत्या. लग्नाला चौदा वर्षं होऊन ओटी रिकामी. त्यांनी तुझ्या बापसाकडे तुला मागितली. तो बहिणीपुढे पाघळला. म्हणाला, देवीला विचारू. तुला जावेकडे ठेवून आम्ही तिघं देवळात गेलो. गुरवाने विचारलं, “पोरीला पाठवायची काय?” डावी पडली. वन्सं रडायला लागल्या. परत विचारलं, तोच प्रश्न. परत डावी. तुझा बापूस म्हणाला, “चला, देवीच्या मनात नाय.” तो वळलासुद्धा.

मी त्याला थांबवलं. मी, जनी. मी गुरवाला म्हटलं, “प्रश्न बदला. पोरीचं तिकडे भलं होईल काय, असं विचारा.”

उजवी पडली.

आम्ही ‘देवीने उजवा दिला’ म्हणत घरी आलो. दोनदा दिलेला नकार देवळातच ठेवून आलो.

आता नितेश म्हणतो, सानवीसाठीही शिमग्यात कौल लावू, म्हणजे दीपालीच्या मनात किंतू राहणार नाही. तिलाही आतेकडेच धाडतायत, बघ. तुझं घर रिकामं आहे, मला कळतं. वन्संचंही तसंच होतं. त्या वाईट नव्हत्या, तूही नाहीस. पण पोर म्हणजे रिकाम्या खोलीत ठेवायची वस्तू नाही. कठीण बोलले असेन तर बोल मला.

नितेशला नको म्हणून सांग. अजून आठवडा आहे.

तुझी
आये


कातळवाडी
१० मार्च २०२६

जनी बाय,

तुझं उत्तर नाही. नितेशलाही तू काही कळवलं नाहीस. मी रोज पोस्टमनची वाट बघते, तो मला बघून लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

होळीच्या दुसऱ्या दिवशी कौलाला गेलो. नितेश, दीपाली, सानवी, मी. आप्पा आपणहून आला, बोलावणं नसताना यायचा त्याला नादच आहे. पालखी सजवायला आणखी पाचसहा जण होते. आताचा गुरव हरिश्चंद्र, म्हणजे तेव्हाच्या गुरवाचा मुलगा. त्याने पाकळ्या भिजवल्या. सानवी विचारत होती, “मला पाठवली की परत आणायला कोण येणार?” नितेश म्हणाला, “सुट्टीत येशीलच की गो!” तुलाही सुट्टीतच आणणार होतो.

हरिश्चंद्र गाऱ्हाणं सुरू करणार एवढ्यात मी पुढे झाले. म्हटलं, “लावू नको.”

“काकी, देवीसमोर असं बोलू नये.”

“देवीसमोरच बोलायचंय. तुझ्या बापसाच्या समोर बोलले, आता तुझ्यासमोर बोलते.”

आणि सगळं सांगितलं. दोन डावे, मग बदललेला प्रश्न. आप्पा तेवढा म्हणाला, “मालनवहिनी, शेहेचाळीस वर्षं दातखीळ बसली व्हती, आता कशी उघडली?”

म्हटलं, “सिनेमा बघितला म्हणून.”

दोघंतिघं हसले. नितेश नाही हसला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता लहानपणीसारखा पाय आपटणार.

“तायचं काय वाईट झालं?” तो म्हणाला. “शिकली, मास्तरीण झाली, पोरगा परदेशात. इथे ऱ्हायली असती तर काजू फोडत बसली असती. देवीने तिसऱ्यांदा खरंच सांगितलान की!”

त्याचं खोटं नव्हतं. मी तेच इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. म्हटलं, “होय रे बाबा. भलं होईल हे खरं सांगितलान. पाठवू नको हेही खरंच सांगितलान. आमी आपल्याला हवं तेवढं उचललं.”

“पण का? तुला का धाडायची व्हती तिला?”

देवळात ते मी सांगितलं, तुलाही सांगायला हवं, नाहीतर तुझ्याआधी वाडीला ठाऊक झालं असं होईल. मला तुला शिकवायची होती म्हणून नाही. तसं मी मागाहून म्हणायला लागले. वन्संच्या यजमानांनी शब्द दिला होता, पोर आम्हाला द्या, गंगारामला गिरणीत लावून देतो. तुझ्या बापसाला स्वतःच्या नोकरीचं ते बोलणं आवडलं नव्हतं. मला आवडलं होतं. जावेचा नवरा मुंबईत होता, दर महिन्याला तिला मनिऑर्डर यायची, ती अंगठा देताना मुद्दाम पदर सावरायची. मला तो पदर सावरायचा होता.

तुझा बापूस तुझ्याबरोबरच गाडीत बसला. गिरणीत लागला. पावणेदोन वर्षांत संप झाला आणि तो पत्र्याची पेटी घेऊन परत आला. ज्याच्यासाठी तुला दिली ते गेलं, आणि तू तिकडेच. मी विचारलं, “जनीला का नाय आणलीत?” तो म्हणाला, “शेजाऱ्यांसमोर ताई रडली. दिलेलं परत मागतात काय, म्हणाली.” मी म्हटलं, बरं. एवढाच शब्द. ‘बरं.’ पूल पडला नव्हता, लढाई नव्हती. आठ-दहा तासांची गाडी होती, गो.

ऐकून दीपालीने काय केलं ठाऊक आहे? सानवीला उचललं, सात वर्षांची घोडी, कंबर धरते तरी उचललं, आणि देवळाच्या पायऱ्या उतरून गेली.

कौल लागलाच नाही. पण नितेश अजून ठरवलेलं सोडत नाही. माझ्याशी बोलत नाही. नुसतं ताट पुढे सरकवतो. म्हणतो दीपालीजवळ, तायने हो म्हटलंय, देवीपेक्षा तायचा शब्द मोठा. म्हणजे आता सगळं तुझ्या जिभेवर आलं.

पालखी दारात आली तेव्हा मी ओटी भरली, पण काही मागितलं नाही. मला विचारायची लाज वाटली.

तुझी
आये


कातळवाडी
२ एप्रिल २०२६

जनी बाय,

काल तुझं पत्र आलं. पोस्टमनने या खेपेला लांबून हात हलवला नाही, हातात आणून दिलं. तुझं अक्षर आता वळणदार झालंय. नवव्या कार्डानंतर एकदम हे.

सहाच ओळी, पण मी काल दुपारपासून त्या वाचते आहे.

तू लिहिलंस, ‘मला न्यायला आली नाहीस याचा राग होता. पाठवलंस याचा नव्हता. ते देवीचं होतं. शाळेत पोरी मला विचारायच्या, तुझ्या आईने तुला का देऊन टाकलं, तर मी सांगायची, आईने नाही, देवीने मला निवडलं. एवढ्यावर मी लहानपण काढलं. तेही आता तू काढून घेतलंस.’

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, जनी. मला वाटलं, खरं सांगितलं की मनावरचा धोंडा उतरेल. माझा उतरला, आणि तो नेमका तुझ्या पायावर पडला. त्याला मी काय करू? खरं परत घेता येत नाही. आणि खोटं मी परत देऊ शकत नाही.

नितेशला तू नाही म्हणून कळवलंस. तुझा फोन झाल्यावर तो सड्यावरून खाली आला तेव्हा मी अंगणात होते. नंतर तो माझ्याजवळ येऊन बसला, बराच वेळ सुपारी कातरत होता, खाल्ली नाही. म्हणाला, “ताय रडत व्हती. म्हणालीन, मी तिच्यासाठी खोलीला रंग काढून ठेवला व्हता.” मला हे ठाऊक नव्हतं. तू रंग काढलास. कुठला, ते त्याने विचारलं नाही, पुरुषाला कुठे सुचतं. नाही म्हणताना तुझं काय झालं असेल ते मी समजू शकते असं म्हणणार नाही. मी कधी नाही म्हटलंच नव्हतं.

सानवीचं दीपालीने ठरवलं. बोलत नव्हती ती बाई, बोलली तेव्हा सगळं ठरवूनच बोलली. लांज्याला काजूच्या कारखान्यात तिने काम धरलंय, पोरीला तिथल्या शाळेत घालणार. सकाळच्या एसटीने दोघी जाणार, संध्याकाळच्या एसटीने दोघी येणार. नितेश म्हणाला, “तुझ्या कमरेचं काय?” तर म्हणाली, “कंबर माजी हाय, पोरबी माजी हाय.” एवढ्यावर विषय मिटला.

आता तुझी शेवटची ओळ. ती मी पुढे पुढे ढकलत इथवर आणली.

‘खाऊ आणते म्हणून गाडीतून उतरलीस. गाडी सुटली तेव्हा तू कुठे होतीस?’

तुझ्या बापसाने मला वर्षानुवर्षं सांगितलं की पोरीला काही आठवत नाही. मी विश्वास ठेवला, सोयीचा होता म्हणून.

तर सांगते. तू खिडकीशी बसली होतीस, वन्सं मधे, बापूस कडेला. मी टपावर पेटी चढवून घेतली आणि तुझ्याजवळ आले. तू माझा हात सोडेनास. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्ही आता जा, नाहीतर हे रडणं पनवेलपर्यंत चालेल. मग मी म्हटलं, “थांब हां, भजी आणते.” तू लगेच हात सोडलास. म्हणालीस, “कांद्याची नको, बटाट्याची आण.”

स्टँडाच्या मागे हॉटेल होतं. भजी तळून तयारच होती. त्याने कागदात बांधून दिली. मी बाहेर आले. गाडी उभी होती, जनी. ड्रायव्हर चहा पीत होता. मला यायला वेळ होता, बशीभर चहा संपेपर्यंतचा. मी हॉटेलच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मनात म्हटलं, गेले तर उतरवून घेईन. उतरवून घेतली तर गिरणी गेली. एवढा हिशेब करण्याइतकी मी शुद्धीत होते. तू हाक मारत होतीस. “आये, चल ना!” असं. तुला वाटत होतं मीही येणार आहे. ते तुला मीच सांगितलं होतं, आदल्या दिवशी, तुझ्या वेण्या घालताना.

गाडी भिंतीच्या पलीकडून गेली. मी आवाज ऐकला, बघितलं नाही.

मग मी पायी घरी निघाले. अडीच तासांची वाट. वहाळाशी आले तेव्हा ऊन चढलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. हातात भजी होती. मी खाली बसले आणि खाल्ली. सगळी खाल्ली, कागदाला चिकटलेली कणीसुद्धा. चांगली लागली. मग वहाळाचं पाणी प्यायले, तोंड धुतलं आणि घरी येऊन म्हशीला वैरण घातली.

लोक म्हणायचे, मालनने पोर दिली आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही. मी कधी नाही म्हटलं नाही. त्या सिनेमातली आई पूल पडल्यावर अलीकडल्या काठावर छाती पिटते, लोक तिच्यासाठी रडले. म्हणून मी वर्गातून उठून गेले. मला तिचा हेवा वाटला, जनी.

हे मी तुझा बापूस होता तोवर त्यालाही सांगितलं नव्हतं. देवळातही नाही. तुलाच.

एवढंच मला ठाऊक आहे. यात माफीचा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी पुरेसं घेतलंय. पण तू एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर दिलं, हे आपल्या दोघींत पहिल्यांदाच झालं. आणखी असतील ना गो? शेहेचाळीस वर्षांत साचले असतील. एका पत्रात एक घाल. कितीही वाईट असो, घाल. मी आहे तोवर खरं तेच लिहीन.

अनिलरावांना नमस्कार. गुडघ्यांना निगडी वेगळी बांधून धाडली आहे, हिरवी आहे तोवर वापर.

पुढचं लवकर विचार. मी वाट बघते.

तुझी
आये